आठ दहाचा मेल

सोमवार, ४ मार्च

आज संस्थेत एकतीस हजार मेल फिरले. सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईंनी मोजून दिले. एक मेल सर्वांना गेला की तो दोनशे चौदा मेल, असा हिशेब मीच त्यांना सांगितला होता. त्यातले तेरा हजार एका चमच्याबद्दल.

झालं असं की, दुसऱ्या मजल्यावरच्या चहाच्या खोलीत साखरेच्या डब्यात आठ महिने जो चमचा होता, तो रसायनवाल्यांचा निघाला. त्यांच्या प्रमुखांनी सर्वांना लिहिलं, "सदर चमचा आमच्या प्रयोगशाळेचा असून कृपया परत करावा. पूर्वी तो कशासाठी वापरात होता हे निश्चित सांगता येत नाही." झालं! भौतिकवाल्यांनी सर्वांदेखत विचारलं, सांगता येत नाही म्हणजे माहीत नाही, की गोपनीय आहे? एकाने आठ महिन्यांत आपण किती चमचे साखर खाल्ली याचा आलेख जोडला. दुसऱ्याने त्या आलेखातल्या चुका काढल्या. तिसऱ्याने "या विषयावर कृपया सर्वांना मेल करू नये" असा मेल सर्वांना केला, आणि त्याला सतरा जणांनी सर्वांना कळवून अनुमोदन दिलं. साखर मात्र अजून तीच आहे.

संध्याकाळी संचालकांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "तुम्ही उपकरणवाले. मोजमाप तुम्हाला कळतं. हे चाळीस टक्के कमी करून दाखवा, दोन महिन्यांत." मग मागे रेलून, "तुमच्या पाटीवरचं ते 'प्रभारी' आता बरं दिसत नाही हो."

सहा वर्षं मी उपकरण विभागाचा प्रभारी प्रमुख आहे. प्रभारी म्हणजे काम प्रमुखाचं आणि खुर्ची पाहुण्याची. प्रयोग करायचा तर नोंद हवी, म्हणून ही वही काढली. बायकोने विचारलं, "काय लिहिताय?" म्हटलं, ऑफिसचं आहे. तर म्हणाली, मग मला नका सांगू.

बुधवार, ६ मार्च

सर्व्हरबाईंनी शंका काढली की चमच्याचा दिवस पाया धरला तर पुढचा कुठलाही दिवस कमीच दिसेल. म्हणून मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढली. तीही एकतीस हजारच आली. आमच्याकडे रोज कुठला ना कुठला चमचा असतोच.

मेलचे प्रकार पाडले. "आठवण", "सस्नेह आठवण", "शेवटची आठवण" आणि मग "शेवटच्या आठवणीबाबत". "पाहिलं", "मिळालं", "धन्यवाद", आणि धन्यवादाला "कसचं कसचं". एवढे शिकलेले लोक, दारातून निघताना अर्धा तास उंबऱ्यावर बोलत उभे राहणाऱ्या पाहुण्यांसारखे वागतात.

आणि एक आठ दहाचा. तळघरात उणे ऐंशी अंशांवर नमुने ठेवायचे सहा फ्रीझर आहेत, ते सांभाळणारे तंत्रज्ञ रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी सर्वांना मेल करतात. एकोणीस वर्षं. सहा आकडे आणि शेवटी "बाकी ठीक". त्यावरून त्यांचं नावच बाकीठीक पडलंय. समोर आम्ही काका म्हणतो.

आजचा मेल: "१: -७९. २: -८०. ३: -७८. ४: -७८. ५: -८०. ६: -८१. जिन्याखाली ओल नाही. चारचा पंखा किंचित आवाज करतो, लक्ष ठेवून आहे. बाकी ठीक." हे दोनशे चौदा माणसांना! न्याहारी करताना मी बायकोला वाचून दाखवतो, आम्ही दोघं हसतो. आज ती म्हणाली, "पंख्याचा आवाज कळतो म्हणजे कान शाबूत आहेत हो तुमच्या काकांचे. घरी कोण असतं त्यांच्या?" मला माहीत नाही. विचारायचा कधी प्रसंग आला नाही.

मंगळवार, १२ मार्च

नियम लागू केले. प्रत्येक मेलला वर्ग द्यायचा: कृती, निर्णय किंवा माहिती. वर्ग नसलेला मेल यंत्रच परत पाठवेल. माहितीच्या मेलला उत्तर द्यायचं नाही, धन्यवादसुद्धा नाही. कृतीच्या मेलला उत्तर आलं नाही तर दर दोन तासांनी आपोआप आठवण जाईल. आणि बाहेरून संस्थेच्या सामायिक पत्त्यावर येणारे मेल सर्वांना न जाता एका वेगळ्या कप्प्यात थांबतील. तो कप्पा मी दर शुक्रवारी चार वाजता उघडेन.

सर्व्हरबाई फार बोलत नाहीत, पण बोलल्या की खुंटा हलवून बघतात. "बाहेरून काही तातडीचं आलं तर?"

"तातडीचं असेल तर फोन करतील ना."

"रिसेप्शनचा फोन मागच्या वर्षी काढला, सर. ओळखपत्रांवर नंबर अजून तोच छापतात."

"मग पुन्हा मेल करतील."

"तोही कप्प्यातच जाईल."

"बाई, एका आठवड्यात आकाश कोसळत नाही." त्यावर त्यांनी खांदे उडवले आणि कप्पा तयार करून दिला.

शुक्रवार, १५ मार्च

चार वाजता कप्पा उघडला. त्रेचाळीस मेल. परिषदांची निमंत्रणं, त्यातली दोन मला "आदरणीय प्राध्यापक महोदया" म्हणणारी. जुनं अपकेंद्रण यंत्र विकत घ्या. तुमचा पाचवा लेख आम्ही छापू, आधीचे चार नसले तरी चालतील. एकही कामाचा नाही. सर्व्हरबाईंना मुद्दाम खाली जाऊन सांगितलं. "बरं," म्हणाल्या.

घट बावीस टक्के.

सोमवार, १ एप्रिल

तीन आठवड्यांत साडेएकोणचाळीस. आणि तिथेच गाडी अडली. लोक आता सुधारलेत. "धन्यवाद" लिहायला हात शिवशिवत असले तरी खिशात घालतात. रसायनवाले माझ्याशी बोलत नाहीत, ते मेलमध्ये मोजलं जात नाही.

अर्धा टक्का कुठून आणू? रात्रंदिवस तेच डोक्यात. आज न्याहारीला आठ दहाचा मेल आला. वाचता वाचता घास हातातच राहिला. दोनशे चौदा भागिले एकतीस हजार. शून्य पूर्णांक सात टक्के.

बायको म्हणाली, "थांबलात का? वाचा की पुढे." आज तिला मी फक्त आकडे वाचून दाखवले.

मंगळवार, २ एप्रिल

तळघरात गेलो. खरं तर मेलने कळवायला हवं होतं, पण एकोणीस वर्षांचा माणूस, म्हटलं जाऊन सांगावं. खाली एका टेबलावर रजिस्टर, पेन्सिल, पांढरा थर्मास, आणि भिंतीला टेकून घडीची खुर्ची. सहाही फ्रीझर घोंघावत होते. त्यांनी खुर्ची पुसून मला दिली आणि स्वतः उभे राहिले.

मी समजावलं. यंत्र बरोबर चालतंय ही बातमी नव्हे. बिघडलं तर ती बातमी. पुढे उणे पासष्टच्या वर तापमान गेलं तरच मेल करायचा.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे साहेब, बिघडल्यावर कळवायचं. बिघडायला लागल्यावर नाही."

"मर्यादा ओलांडल्यावर, काका. मर्यादा असते कशाला?"

"आणि बाकी ठीक आहे हे लोकांना कळणार कसं?"

"तुमचा मेल नाही आला, म्हणजे ठीक आहे."

त्यांनी चारनंबरच्या दारावर तळवा ठेवून बघितला. "मी रजेवर असलो, तरी मेल येणार नाही," म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही रजेवर कधी जाता? ते हसले. खरंच, गेल्याचं कोणाला आठवत नाही. "रजिस्टरात लिहीत जाऊ ना?" म्हणाले. लिहा की, म्हटलं, रजिस्टर मेलमध्ये धरत नाहीत.

वर येताना जरा वाईट वाटलं. पण जिना चढून दम लागल्यामुळेही तसं वाटू शकतं.

बुधवार, ३ एप्रिल

घट चाळीस पूर्णांक दोन टक्के! संचालकांना आलेख पाठवला, वर्ग: माहिती. उत्तर आलं नाही. नियमच आहे.

न्याहारीला बायको म्हणाली, "आज काय म्हणतात तुमचे बाकीठीक?" सांगितलं, ते बंद केलं. मग कप विसळताना म्हणाली, "सकाळी कोणीतरी ठीक आहे म्हणून सांगतं, एवढंच होतं हो ते. तुम्हाला काय टोचत होतं?" तिला टक्केवारी कळत नाही. मला सकाळ मात्र आज लांबलचक वाटली.

सोमवार, १५ एप्रिल

संचालकांनी विभागप्रमुखांच्या बैठकीत माझं नाव घेतलं. नवीन पाटी करायला टाकली आहे. "प्रभारी" नसलेली.

जिन्यात काका भेटले. कुलपाला किल्ली लावत होते, ती दोनदा खाली पडली. तिसऱ्यांदा डाव्या हाताने लावली. म्हटलं, काय काका, हाताला काय झालं? "काही नाही साहेब, उजव्याला जरा मुंग्या येतात. मर्यादेच्या आत आहे." आम्ही दोघंही हसलो. बोलायला मजेशीर आहेत, इतक्या वर्षांत कधी लक्षात आलं नव्हतं.

सोमवार, २२ एप्रिल

दिवसभर वार्षिक अहवालात बुडालो होतो. सकाळी साडेनऊला काका माझ्या दारात येऊन उभे. हातात रजिस्टर. वर कधी येत नाहीत. मी फोनवर होतो, हाताने थांबा म्हटलं. पाचेक मिनिटं थांबले असतील.

"चार उणे एकाहत्तरवर आहे, साहेब. शुक्रवारी शहात्तर होता."

"पासष्टच्या वर गेला का?"

"नाही. पण—"

"मग काका, ठरलंय ना आपलं? गेला की लिहा. वर्ग कृती द्या म्हणजे सगळे धावतील."

"तोवर कंप्रेसर बसतो, साहेब." ते जरा अडखळत बोलत होते, शब्द शोधल्यासारखे. मला वाटलं, रागावलेत. मी म्हटलं, दुपारी बघतो. दुपारी संचालकांकडे बैठक लागली. उद्या बघेन. आता प्रत्येकाच्या पोटात गोळा आला म्हणून मी नियम वाकवायला लागलो तर आठवड्यात सगळे परत चमच्यावर येतील.

मंगळवार, २३ एप्रिल

पाटी लागली. पितळेची. अक्षरं थोडी मोठी आली आहेत, पण वाचायला सोपी. भौतिकवाल्यांनी येऊन हात मिळवला.

तळघरात जायचं राहिलं. काकांचा मेल नाही, म्हणजे चार पासष्टच्या आत आहे.

गुरुवार, २५ एप्रिल

काय लिहू आणि कुठून लिहू.

अकरा वाजता तळ्याच्या मॅडम तळघरात गेल्या. संस्थेतल्या सगळ्यात जुन्या शास्त्रज्ञ. दर महिन्याला एकाच तळ्याचं, एकाच जागचं पाणी आणून साठवतात, तेवीस वर्षं. ती सगळी चारनंबरमध्ये. बाहेरचं दार कुलूपबंद होतं, त्यांच्याजवळ दुसरी किल्ली असते म्हणून उघडलं. चारच्या दारातून पाणी गळत होतं. आत अधिक सहा अंश. फ्रीझरची धोक्याची घंटा वाजत होती, किती वेळ वाजत होती कोणास ठाऊक.

मी धावत गेलो तेव्हा मॅडम उपड्या क्रेटवर बसल्या होत्या, मांडीवर नळ्यांचा ट्रे. नळ्यांमधलं पाणी साधं पाण्यासारखं हलत होतं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी ओरडायला हवं होतं.

"अरे, काल सकाळी मला चुकल्यासारखं वाटलं," त्या म्हणाल्या. "काकांचा मेल आला नाही, असं मनात आलं. मग आठवलं, हल्ली येतच नाही."

"त्यांनी कळवायला हवं होतं, मॅडम. नियम स्पष्ट आहे."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उगाच दुसऱ्या फ्रीझरचे आकडे बघायला लागलो.

घंटेबद्दल मग कळलं. काल दुपारी तळमजल्यावरच्या एकाने मेल केला होता, "खाली काहीतरी वाजतंय, लिफ्ट आहे का?" वर्ग दिला नव्हता. यंत्राने परत पाठवला. कुठला वर्ग द्यायचा ते कळेना, म्हणून त्याने नाद सोडला. असं त्याने मला तोंडावर सांगितलं, आणि वर म्हणाला, "कृती म्हणावं तर कोणाची, हे माहीत नव्हतं."

काका कुठे होते? हजेरीच्या यंत्रात मंगळवारपासून त्यांचं कार्डच नाही. तीन दिवस! एकोणीस वर्षांत रजा नाही, आणि नेमकी आत्ता, न कळवता. मोबाइल बंद लागतोय. संचालक म्हणाले, लेखी खुलासा मागवा. मी चार ओळींचा मेल केला. "आपल्या अनुपस्थितीमुळे संस्थेचे भरून न येणारे नुकसान झाले आहे. अठ्ठेचाळीस तासांत खुलासा सादर करावा." वर्ग: कृती. एकही शब्द जास्त नाही. पाठवल्यावर जरा हलकं वाटलं, हे खरं आहे ते लिहून ठेवतो.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "खुलासा राहू दे. माणूस कुठे आहे?" म्हटलं, आजारी असता तर कळवलं नसतं का? तिने विचारलं, "कोणाला?"

घरी कोणी गेलं का, असं तिने विचारलं. कार्यालयात त्यांचा पत्ता आहे तो एकोणीस वर्षांपूर्वीचा. उद्या बघू.

शुक्रवार, २६ एप्रिल

चार वाजता कप्पा उघडला. सवयीने वरून खाली पुसत निघालो. एकतीस मेल. परिषद, परिषद, सूक्ष्मदर्शक, परिषद. एक पुसता पुसता थांबलो, कारण विषयात प्रश्नचिन्ह होतं.

"आपले कर्मचारी?" सरकारी रुग्णालयाच्या एका वॉर्डातून. मंगळवार, सकाळी अकरा चाळीस.

"सोमवारी सायंकाळी आपल्या संस्थेचे ओळखपत्र असलेले गृहस्थ रस्त्यात पडलेले आढळले. पक्षाघात आहे. उजवी बाजू आणि वाचा गेली आहे. शुद्धीवर आहेत. मोबाइलला कुलूप आहे. कार्डावरचा दूरध्वनी लागत नाही, म्हणून या पत्त्यावर लिहीत आहे. त्यांचे नातेवाईक कोण? — वॉर्ड सिस्टर."

दुसरा त्याच दिवशी, दुपारी साडेतीन.

"डाव्या हाताने कागदावर सारखे आकडे लिहितात. ४, आणि पुढे ७१. एकाहत्तरच्या आधी आडवी रेघ. घराचा नंबर असेल म्हणून एकाला चौकशीला पाठवले, तसे घर नाही. तारीखही बसत नाही. कागद दाखवून दाराकडे बोट करतात. आपल्याकडे कोणाला याचा अर्थ लागतो का?"

मंगळवारी दुपारी साडेतीन. मी तेव्हा माझी पाटी सरळ लागली आहे की नाही ते लांबून बघत होतो. चार अजून गार होता. अर्धा तास लागला असता नमुने सहानंबरमध्ये हलवायला, त्यात जागा आहे.

तिसरा बुधवारचा.

"कालच्या आकड्यांबाबत उत्तर नाही. रुग्ण फार अस्वस्थ आहेत, कागद हातातून सोडत नाहीत, झोप नाही. रक्तदाब खाली येत नाही. कोणी येऊन एवढे सांगू शकेल का, की त्यांचे लिहिलेले पोहोचले?"

सर्व्हरबाईंना बोलावून दाखवलं. का, ते माहीत नाही. कोणाला तरी दाखवायलाच हवं होतं. त्यांनी तिन्ही मेल उभ्या उभ्या वाचले. खांदे उडवले नाहीत. म्हणाल्या, "जा, सर. आता जा."

शनिवार, २७ एप्रिल

काल पावणेसहाला वॉर्डात पोहोचलो. लांबट खोली, दोन्ही बाजूंना खाटा, मध्ये सिस्टरचं टेबल. मी संस्थेचं नाव सांगितलं. सिस्टर माझ्याच वयाच्या असतील. लिहीत होत्या, तो हात थांबला.

"तुम्ही त्यांचे कोण?"

"ऑफिसातला."

"मेल वाचता का हो तुम्ही लोक?"

मी म्हटलं, शुक्रवारी. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय.

खाट खिडकीजवळ होती. काका इतके लहान कधी झाले? तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात चादरीवर दुसऱ्या कोणाचा ठेवल्यासारखा. उशाशी त्यांचा मोबाइल चार्जिंगला लावलेला. मी खुर्ची ओढतोय तोच तो वाजला. सिस्टर म्हणाल्या, "काल चार्जर मिळाला, तेव्हापासून दर दोन तासांनी वाजतो. उघडता येत नाही, पण घरचं कोणीतरी काळजीत असेल म्हणून बंद पडू दिला नाही मी. वाजला की बघतात त्याच्याकडे." मला वेळ माहीत होती. खुलाशाचा मेल मी गुरुवारी बारा वाजता केला होता. सहा वाजले होते. मी सिस्टरना काहीही सांगितलं नाही.

काकांनी मला ओळखलं. डोळे एकदम मोठे झाले. डाव्या हाताने उशीखालून कागदांचा चोळामोळा काढला आणि त्यातला एक माझ्यापुढे धरला. चार. रेघ. एकाहत्तर. शेजारी आता एक प्रश्नचिन्ह होतं.

मी म्हणालो, "मिळालं, काका. तुमचं मिळालं. वेळेत मिळालं."

त्यांनी पेन्सिल मागितली. लिहायला फार वेळ लागला. "आता किती".

सव्वीस वर्षं मी मोजणारी यंत्रं तपासतो. ज्यांच्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही अशी कित्येक मी स्वतःच्या हाताने मोडीत काढली. एका मुलाखतीत मला विचारलं होतं, तुमचा गुण कोणता, तर म्हणालो होतो, मी रीडिंग कधी गोल करत नाही. म्हटलं, "उणे अठ्ठ्याहत्तर."

ऐंशी म्हणालो असतो तर त्यांनी ओळखलं असतं. तेवढा मी त्यांना ओळखायला लागलो होतो.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झालं. पण पुन्हा पेन्सिल हलली. "वेळ". वेळेशिवाय रीडिंग म्हणजे रीडिंग नव्हेच, हे मीही नवीन मुलांना शिकवतो. म्हटलं, "सकाळी सव्वानऊ. मी स्वतः बघितलं. नमुने सगळे जागेवर आहेत. मॅडमनी सांगितलंय की काकांना सांगा." एकदा खोटं सुरू झालं की ते किती सुरळीत चालतं.

मग त्यांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला आणि त्यावर बोट आपटलं. कळेना. पुन्हा आपटलं, पेन्सिल माझ्या हातात दिली. लिहून दे, म्हणत होते. मी लिहिलं. तारीख, सव्वानऊ, फ्रीझर चार, उणे अठ्ठ्याहत्तर. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला, एकेक आकडा. मग पेन्सिल परत घेतली, कागद माझ्या गुडघ्यावर ठेवला, आणि डाव्या हाताने, दोनदा थांबून, खाली सही केली. तपासणाऱ्याची सही.

त्यांनी एकोणीस वर्षांत न बघता एका आकड्याखाली सही केली नव्हती. ही माझ्या शब्दावर केली.

थोड्या वेळाने त्यांना झोप लागली. सिस्टर येऊन नाडी बघून गेल्या. म्हणाल्या, "सोमवारपासून पहिल्यांदा झोपलेत. काय सांगितलंत हो?" डॉक्टर आले होते, ते व्हरांड्यात म्हणाले, मेंदूत पुन्हा रक्तस्राव झालाय, दोन दिवस, फार तर तीन. आणि नातेवाईक कोण म्हणून लिहू, असं विचारलं. मी माझं नाव दिलं.

घरी आल्यावर बायकोने जेवण वाढलं आणि समोर बसून राहिली. मी सगळं सांगितलं, आठवणीचा मेल कसा वाजला तेसुद्धा. ती रडली. मला म्हणाली, "बरं केलंत, खोटं बोललात." मला तसं वाटत नाही. वेगळं काय करायला हवं होतं, तेही सुचत नाही.

आज सकाळी मॅडमचा फोन आला, काका कसे आहेत म्हणून. दुपारी रुग्णालयात येते म्हणाल्या. त्यांना सांगायला हवं की तिथे, काकांसमोर, चार चालू आहे, आणि त्यांचं पाणी गोठलेलं आहे. तेवीस वर्षांचं पाणी ज्यांचं गेलं, त्यांना मी हे सांगायला लावणार आहे. त्या सांगतील. मला खात्री आहे.

तो कागद या वहीत ठेवला आहे. तळघरातल्या रजिस्टरात तो लावता येत नाही आणि मला तो फाडता येत नाही. वर माझं अक्षर आहे आणि खाली त्यांची सही.